तलाठी की ग्रामसेवक? जिल्ह्यात कुठलं काम कुणाकडे न्यायचं

आमच्या चुलत्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी एका पावसात वाहून गेली. नळ्या तीन शेतं खाली जाऊन पडल्या आणि पोरांची शाळा, दूध, सगळंच बंद. मी तेव्हा लय हुशारीने तहसीलला अर्ज टाकला, त्यांनी दोन आठवड्यांनी सांगितलं हे आमचं नाही, मग आमदारांच्या ऑफिसात गेलो तिथं पीए म्हणाला साहेबांना सांगतो, मग एकाने सांगितलं खासदारांना भेट, भेटलो, फोटो काढला, परत आलो. चार चकरा आणि पाऊस संपला. शेवटी झेडपीच्या बांधकाम उपविभागात एक शाखा अभियंता भेटला, त्याने एकच प्रश्न विचारला, रस्ता कुठला आहे, ग्रामीण मार्ग का इतर जिल्हा मार्ग, नंबर काय? मला नंबर असतो हेच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी हे सगळं एका कागदावर काढून ठेवलंय आणि गावात कुणी विचारलं की तोच कागद दाखवतो. तुम्हीपण काढा, अर्धा तास लागतो. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या जिल्ह्याचं आहे, दुसऱ्या राज्यात नावं आणि रचना वेगळी असते त्यामुळे ते इथं लावू नका.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. जिल्हा एकच असला तरी त्यात तीन वेगवेगळ्या उतरंडी एकाच जमिनीवर उभ्या आहेत. एक महसुलाची, म्हणजे कलेक्टरची. दुसरी पंचायत राजची, म्हणजे झेडपीची. तिसरी मतदारसंघांची, म्हणजे आमदार खासदारांची. या तिघांच्या हद्दी एकमेकांशी जुळत नाहीत आणि माणसंही एकमेकांच्या हाताखाली नाहीत. सगळी गडबड इथंच होते, आपण 'सरकारी माणूस' म्हणून जो समोर दिसेल त्याला काम सांगतो.

कागदाच्या डाव्या बाजूला महसूल लिहा. सगळ्यात खाली तलाठी, त्याच्या ताब्यातल्या एक किंवा जास्त गावांना सजा म्हणतात. त्याच्या वर मंडळ अधिकारी, ज्याला सगळे सर्कल म्हणतात, त्याच्या वर तहसीलदार, मग प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, याच्याकडे साधारण एकापेक्षा जास्त तालुके असतात, मग जिल्हाधिकारी आणि त्याच्यावर विभागीय आयुक्त. राज्यात ३६ जिल्हे आणि ६ महसुली विभाग आहेत, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. शेवटचा जिल्हा पालघर, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, आणि दोन्ही नावं इतकी सारखी झालीत की गोंधळ उलट वाढलाय असं माझं मत आहे. पाटीवर नवीन नाव दिसलं तर मधला शब्द बघा, 'महसूल' असेल तर तलाठी.

उजव्या बाजूला पंचायत राज. खाली ग्रामपंचायत, तिथं निवडून आलेला सरपंच आणि सदस्य, आणि नोकरीवाला ग्रामसेवक. मध्ये तालुक्याला पंचायत समिती, तिथं निवडून आलेला सभापती आणि नोकरीवाला गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ. वर जिल्हा परिषद, तिथं अध्यक्ष आणि सीईओ. बघा, प्रत्येक पायरीवर जोडी आहे, एक मतं घेऊन आलेला आणि एक पगार घेणारा. महसुलाच्या बाजूला अशी जोडी नाही, तिथं सगळेच पगारी. त्यामुळे तलाठ्याची तक्रार सरपंचाकडे करून फार काही होत नाही, सरपंच त्याचा साहेब नाहीच. तलाठ्याची तक्रार तहसीलदाराकडे, ग्रामसेवकाची बीडीओकडे. एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी निम्म्या चकरा वाचतात.

ही उजवी बाजू १ मे १९६२ पासून चालू आहे. वसंतराव नाईक समितीने शिफारशी केल्या, १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा आला, ग्रामपंचायतीचा कायदा त्याआधीचा, १९५८ चा. मग १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं घटनेतच आलं. घटनेत आलं तरी २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक झेडप्यांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते, आरक्षण आणि गट (झेडपीचे मतदारसंघ) रचनेची केस सुप्रीम कोर्टात अडकली होती, २०२५ मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. अशा काळात तुमच्या गटाला सदस्यच नसतो, तेव्हा थेट अधिकाऱ्याकडे अर्ज देणं एवढाच रस्ता उरतो.

आता काम आलं की ते डावीकडचं का उजवीकडचं हे ओळखायचं कसं? माझा साधा हिशोब असा आहे की जमीन, दाखला, रेशन, मतदार यादी, नुकसानीचा पंचनामा हे डावीकडे. नळ, गटार, दिवाबत्ती, घरपट्टी, शाळा, अंगणवाडी, जन्ममृत्यू नोंद, घरकुल हे उजवीकडे. उत्पन्नाचा दाखला, वय अधिवास तहसीलदाराकडून मिळतो, जातीचा दाखला प्रांतांच्या सहीने आणि जात पडताळणी तिसरीकडेच, जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे. पोरगं बारावी सायन्सला गेलं की पडताळणीच्या मागे लागा, ॲडमिशनच्या महिन्यात नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत द्या, फुकटात आणि विनाकटकट होते, एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि मग बसा हेलपाटे मारत.

घराच्या बाबतीत लोक हमखास फसतात. शेताचा ७/१२ असतो, तो तलाठ्याचा. गावठाणातल्या घराला ७/१२ नसतो, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते, ती ग्रामसेवकाकडे. आणि शेतकऱ्याचा ८अ वेगळा, तो खात्याचा उतारा, तो परत तलाठ्याचा. म्हणजे नुसतं 'आठचा उतारा द्या' म्हटलं की समोरचा विचारणार कुठला आठ. त्यात भर म्हणून गावठाणाचं ड्रोनने मोजमाप करून प्रॉपर्टी कार्ड द्यायची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, ते कार्ड भूमी अभिलेख खात्याचं, म्हणजे तिसरंच ऑफिस. डिजिटल सहीचा ७/१२ आता महाभूमीच्या डिजिटल सातबारा साइटवर १५ रुपयांत निघतो आणि तो चालतो, नुसत्या उताऱ्यासाठी तलाठ्याला शोधत फिरायची गरज राहिलेली नाही.

फेरफार मात्र नीट समजून घ्या कारण भाऊबंदकीची निम्मी भांडणं तिथंच पेटतात. खरेदी झाली किंवा वारस लागायचे असले की तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, चावडीवर लावतो. हरकतीला १५ दिवस. कुणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तलाठी नाही. म्हणजे तलाठ्याने 'केलंय तुमचं' म्हटलं तरी सर्कलची सही होईपर्यंत काही झालेलं नसतं. हरकत आली की ती तक्रारी नोंद होते, मग सुनावणी लागते आणि निकाल पटला नाही तर अपील प्रांतांकडे. नोटीस आली आणि सही करायची नाही म्हणून परत पाठवली, असले शहाणपण करू नका, १५ दिवस तुम्ही सही केली काय न केली काय चालूच असतात. लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

पोच! याच्यावर एक अख्खा परिच्छेद. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक टेबलवरून शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. क्लार्क म्हणेल ठेवून जा, देतो साहेबांना. ठेवून जाऊ नका. शिक्का सापडत नसेल तर थांबा, सापडतो. माझ्या पहिल्या तिन्ही अर्जांची पोच माझ्याकडे नव्हती, त्यामुळे चौथ्या ठिकाणी मी 'मी तीन महिने फिरतोय' म्हणालो तर समोरचा फक्त हसला. अर्जात विषय एकच ठेवा. मोरी, शाळेचा पत्रा आणि ट्रान्सफॉर्मर एकाच अर्जात लिहिलं की तो अर्ज कुठल्याच टेबलाचा राहत नाही.

रस्त्यांचं असं आहे की राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे म्हणजे पीडब्ल्यूडीचे, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग झेडपीचे. गावाच्या आतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा, पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, पंतप्रधान ग्रामसडकचा असेल तर केशरी. दगडच नसेल, आमच्याकडे नव्हता, तर झेडपीच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी असते, तिथं गावाचं नाव सांगून ग्रा.मा. नंबर विचारायचा आणि तो अर्जात पहिल्याच ओळीत टाकायचा. यादीत रस्ताच नसेल तर मात्र ती मोठी अडचण आहे, कारण नंबर नसलेल्या रस्त्यावर झेडपीला पैसा टाकणं अवघड जातं, मग आधी नुसतं नंबर पडण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून मागे लागावं लागतं. आणि शेतात जायचा पाणंद रस्ता कुणी अडवला असेल तर ते भांडण परत डावीकडे, तहसीलदाराकडे. रस्ता करणं उजवीकडे, अडवलेला मोकळा करणं डावीकडे.

दवाखान्यातही तसंच. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपीचं, त्याचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं, त्याचा साहेब जिल्हा शल्यचिकित्सक. दोघंही सरकारी डॉक्टर आणि दोघांची ऑफिसं जिल्ह्याच्याच गावात, पण एकाच्या तक्रारीचं दुसऱ्याला काही पडलेलं नसतं.

आता ग्रामसभा. माझ्या मते अख्ख्या जिल्ह्यात सामान्य माणसाच्या हातात खरी असलेली ही एकच गोष्ट आहे आणि तिथंच कुणी जात नाही. वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रुळलेल्या आहेत. गणपूर्ती लागते गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आणि गंमत इथं आहे, झेंडावंदन होतं, जिलेबी वाटली जाते, माणसं घरी जातात, गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. त्या दुसऱ्या सभेत पंधरा माणसं बसून लाभार्थ्यांची यादी, कामं, सगळं मंजूर करतात, अगदी कायद्याने. म्हणून पहिल्या सभेला जा आणि तहकूब झाली तर पुढची तारीख विचारूनच उठा.

सभेत गेल्यावर हजेरी रजिस्टरवर सही करताना त्याच पानावर वर काय लिहिलंय ते वाचा, कोरी जागा सोडलेली असेल तर तिथंच हटका. आपला विषय आधी लेखी देऊन ठेवा म्हणजे ऐनवेळी 'विषयपत्रिकेवर नाही' म्हणता येत नाही. ठराव झाला की उठायच्या आधी तो वाचून दाखवा म्हणा, सूचक अनुमोदकाच्या नावासकट, आणि नंतर ठरावाची नक्कल मागा. आमच्या मोरीचा ठराव पहिल्यांदा इतिवृत्तात 'रस्त्यांच्या विविध कामांवर चर्चा झाली' असा आला होता. त्या चर्चेवर झेडपी एक पाइप पण देत नाही. दुसऱ्यांदा आम्ही रस्त्याचा नंबर, ठिकाण, किती नळ्या गेल्या हे सगळं घालून लिहून घेतलं.

ग्रामपंचायतीचे पैसे कुठे जातात हेही बघता येतं. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती आणि झेडपीला असा हिशोब आपल्याकडे होता, आणि कुठल्या गावाने कशावर खर्च दाखवला ते ई-ग्रामस्वराजच्या साइटवर गावाचं नाव टाकलं की दिसतं. एकदा उघडून बघा, आपल्या गावात न दिसलेल्या दोन-चार गोष्टी तिथं दिसल्या तर आश्चर्य वाटायला नको. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचीही सही लागते, त्यामुळे 'ते सगळं ग्रामसेवकाने केलं, मला माहीतच नाही' हे सरपंचाचं वाक्य चालत नाही, आणि उलटंही.

तिसरी उतरंड, मतदारसंघ. ग्रामपंचायतीत वॉर्ड असतात आणि शिवाय सरपंच थेट जनतेतून (२०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं). पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात, झेडपीच्या मतदारसंघाला गट, आणि एका गटात दोन गण. विदर्भ मराठवाड्यात गटालाच सर्कल म्हणतात, त्याचा आणि मंडळ अधिकाऱ्याच्या सर्कलचा काही संबंध नाही, बोलताना कुठलं सर्कल ते विचारून घ्या. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे निकालानंतर 'आमच्या पक्षाच्या इतक्या ग्रामपंचायती' असे जे आकडे सगळेच पक्ष सांगतात ते हौसेचे असतात. या सगळ्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा लोकसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. यादी मात्र विधानसभेचीच तोडून वापरतात, म्हणजे नाव एकाच ठिकाणी नीट ठेवलं की झालं. सगळ्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, २०११ पासून. तरी मीटिंगला पती येऊन बसतात हे वेगळं सांगायला नको, अशा वेळी अर्ज बाईंच्याच नावाने द्या आणि पोचवर त्यांचीच सही घ्या.

विधानसभेच्या २८८ जागा, लोकसभेच्या ४८, एका लोकसभेत सहा विधानसभा. पण लोकसभा मतदारसंघ म्हणजे जिल्हा नाही. माढा घ्या, त्यात सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आहेत आणि साताऱ्यातले फलटण, माण. धाराशिवच्या खासदाराला लातूरचा औसा आणि सोलापूरची बार्शी सांभाळावी लागते. मावळात तर अर्धा भाग पुणे जिल्ह्यातला आणि अर्धा घाटाखालचा पनवेल, कर्जत, उरण. म्हणजे बार्शीच्या माणसाचा कलेक्टर सोलापुरात आणि खासदार धाराशिवचा. यात चूक काही नाही, लोकसंख्येवर तोडलेत, पण जिल्ह्याच्या मीटिंगला कुठला खासदार बसतो हे माहीत असलेलं बरं.

आमदार खासदारांकडे काय मागायचं? निधी. हुकूम नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात, आमदाराचाही निधी असतो, ते काम सुचवतात, पत्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे कलेक्टर ऑफिसात जातं, अंदाजपत्रक होतं, प्रशासकीय मान्यता मिळते, मग झेडपी किंवा पीडब्ल्यूडी काम करते. म्हणजे साहेबांनी पत्र दिलं याचा अर्थ काम झालं नाही, पत्राचा जावक नंबर घ्या आणि नियोजन ऑफिसात जाऊन ते पोचलं का ते विचारा. जिल्ह्याच्या मोठ्या पैशाचं वाटप जिल्हा नियोजन समितीत होतं, तिचा अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कलेक्टर. पालकमंत्रीपदासाठी एवढी ओढाताण का असते ते आता कळलं असेल.

शहराचं थोडक्यात सांगतो. छोट्या गावाची नगरपंचायत, त्यापेक्षा मोठ्याची नगरपरिषद अ, ब, क वर्गाची, मोठ्या शहराची महानगरपालिका, तिथं पगारी माणूस मुख्याधिकारी किंवा आयुक्त. २०१४-१५ च्या आसपास तालुक्याच्या बऱ्याच गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. तसं झालं की तिथल्या माणसाला झेडपी आणि पंचायत समितीला मत राहत नाही, उजवी बाजू त्याच्यासाठी संपली, सगळं नगरपंचायतीत. तलाठी मात्र राहतोच, डावी बाजू कुणाची सुटत नाही.

तुमचं गाव पेसाखाली असेल, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, तर पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा जाहीर करून घेता येते आणि तिचे अधिकार साध्या ग्रामसभेपेक्षा बरेच जास्त आहेत, राज्याचे नियम २०१४ चे आहेत, ते मराठीतच आहेत, काढून वाचा.

आणि कुणीच दाद देत नसेल तर? आधी बघा ती सेवा लोकसेवा हक्क कायद्यात येते का, २०१५ चा आहे, दाखल्यांसारख्या कामांना दिवस ठरवून दिलेत आणि उशीर झाला की अपील करता येतं. मग माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. त्यात 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नका, 'आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्या' असं विचारा. तिसरा मार्ग लोकशाही दिन, तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला सोमवार कलेक्टरांसमोर. आधी तालुक्याचा करावा लागतो आणि जिल्ह्यासाठी अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. कोर्टात चालू असलेली प्रकरणं आणि नोकरीविषयक गाऱ्हाणी तिथं घेत नाहीत.

आम्ही मोरीसाठी लोकशाही दिनापर्यंत गेलो. मी, चुलते, आणि हातात ठरावाची नक्कल, ग्रा.मा. नंबर आणि शिक्का मारलेल्या दोन पोच. आमचा नंबर आला तेव्हा चुलत्यांनी बोलायला सुरुवात केली, नळ्या कशा गेल्या, कुणाच्या शेतात पडल्या, तर साहेबांनी हात पुढे करून फक्त कागद मागितले, पोचवरची तारीख बघितली आणि बांधकामच्या माणसाला विचारलं, हे पाच महिन्यांपूर्वी आलंय, अंदाजपत्रक कुठंय? आम्ही आत जेमतेम तीन मिनिटं होतो. मे महिन्यात नव्या नळ्या पडल्या. चुलते अजून म्हणतात की मला पूर्ण बोलू दिलं नाही.